हिशेबाच्या चिठ्ठीवर दोन सह्या

संपादक महोदय,

‘मन साफ असेल तर लोकांना हिशेब कशाला दाखवायचा?’ असे आपल्याकडे छापलेल्या एका पत्रात वाचले. नागपूरच्या सदर भागातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी अकरा वर्षे खजिनदार आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणत असे.

मे महिन्यातला रविवार होता. माझ्यासोबत अर्पण, म्हणजे उपासनेत जमलेले दान, मोजणारे भाऊ लग्नासाठी कामठीला गेलेले. उपासनेनंतर मी एकट्यानेच मोजले, 14,360 रुपये. थैली घरी नेली, सोमवारी बँकेला सुट्टी, मंगळवारी भरणा केला. शनिवारी पत्नी महिला मंडळातून रडतच आली. ‘थैली दोन रात्री त्यांच्या घरी होती म्हणे,’ एवढेच कोणीतरी बोलले होते. त्यात खोटे काहीच नव्हते, म्हणून जास्त झोंबले.

तणतणत पाळकसाहेबांकडे गेलो. ‘देव जाणतो,’ म्हणालो. त्यांनी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय उघडून पुढे ठेवला. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने दान जमवले, पण ते काम एकट्याच्या हाती ठेवले नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ दिले, त्यातला एक मंडळ्यांनी निवडलेला. कारणही लिहिले : या दानाबद्दल कोणी दोष लावू नये, व्यवहार प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख असावा. त्या दोघा भावांची नावे पत्रात कुठेच नाहीत, आहे तो फक्त त्यांचा लौकिक. हा अध्याय मी लहानपणापासून वाचत आलो होतो, पण तिथे कधी थांबलो नव्हतो.

पुढच्या रविवारी मंडळीपुढे उभा राहिलो. एकट्याने मोजले ही माझी चूक, असे सांगून भरणा पावती फलकावर लावली. ज्यांनी बोलायला सुरुवात केली त्यांच्या घरी एकटाच गेलो. आधी एकांतात बोला, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. चहा झाला. त्यांनी माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. मंडळीच्या पंचांना सांगून दुसरे मोजणारे म्हणून त्यांनाच नेमले.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1846 मध्ये नागपुरात शाळा काढली. तेव्हापासून इथल्या अनेक जातीधर्मांच्या घरांनी मुले मिशनच्या शाळेत घातली, पुढे आजारी माणसेही मिशनच्या दवाखान्यात आणली. तो विश्वास मास्तरांनी आणि नर्सबाईंनी कमावला, मी नाही. माझ्यावर डाग पडला तर गल्लीत माझे नाव निघत नाही, ‘ख्रिश्चन लोक असेच’ म्हणतात.

खऱ्याच्या बाजूने उभे राहून नाव जात असेल तर मात्र खुशाल जावे. ख्रिस्तालाही लोक खादाड, दारूबाज म्हणाले. पण ते पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंगतीला बसल्यामुळे, हिशेबातल्या ढिलाईमुळे नव्हे.

गणपती असो, भीमजयंती असो की नाताळ, वर्गणी घेणाऱ्या प्रत्येक मंडळाने हिशेब दोन सह्यांनी फलकावर लावावा, ही विनंती. आमची चिठ्ठी दर रविवारी दुपारी लागते. मागच्या रविवारी एका आजींनी चष्मा लावून ती वाचली, बोटांवर बेरीज करून पाहिली आणि मगच रिक्षात बसल्या.

– एक खजिनदार, मोहननगर, नागपूर