शिकागोचे रूळ आणि त्यावरची माणसे

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिकागोचा आणि तिथल्या रेल्वेचा इतिहास सुटीच्या दिवशी हिंडून समजून घ्यायचा, हा तुझा विचार पत्रातून कळला आणि फार समाधान वाटले. तुझ्या बाबांची सारी नोकरी भुसावळच्या लोको शेडमध्ये गेली आणि मी इतिहास शिकवला, त्यामुळे या विषयावर सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. इंजिने आणि स्थानके अवश्य पाहा. परंतु ज्यांच्या कष्टावर ती रेल्वे चालली त्यांच्या घरांपर्यंत गेल्याशिवाय हा अभ्यास पुरा झाला असे मानू नकोस.

आरंभ शिकागो इतिहास संग्रहालयातल्या ‘पायोनियर’ या लहानशा इंजिनापासून कर. १८४८ साली शहरातून पहिली गाडी याच इंजिनाने ओढली, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावण्याच्या पाच वर्षे आधी. इंजिन जुने, दुसऱ्यांनी वापरलेले होते, आणि शहरातले व्यापारी पैसे गुंतवायला कचरत होते. म्हणून शिकागोचे पहिले महापौर विल्यम ऑग्डेन यांनी मार्गावरच्या शेतकऱ्यांकडे जाऊन भाग विकले. गव्हाची पोती चिखलाच्या रस्त्याने बैलगाडीतून शहरात आणण्याचे हाल ज्यांनी सोसले होते, त्यांना रेल्वेचे मोल व्यापाऱ्यांच्या आधी कळले.

तिथून मिशिगन अव्हेन्यूला ये. इलिनॉय सेंट्रल कंपनीला १८५२ मध्ये शहरात शिरायला जागा मिळाली ती थेट सरोवराच्या पाण्यात, लाकडी खांबांवर. बदल्यात लाटांपासून किनाऱ्याचे रक्षण करणारा बांध कंपनीने घालावा, असा करार होता. १८७१ च्या भीषण आगीनंतर जळक्या शहराचा राडारोडा रूळ आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात टाकला गेला आणि त्या भरावावर पुढे ग्रँट पार्क उभे राहिले. आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रे पाहायला जाशील तेव्हा ध्यानात ठेव की त्या वास्तूच्या खालून आजही गाड्या जातात.

जॅक्सन आणि लासाल या रस्त्यांच्या कोपऱ्यावर पूर्वी ग्रँड पॅसिफिक हॉटेल होते. ऑक्टोबर १८८३ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या प्रतिनिधींनी तिथे बसून प्रमाणवेळ ठरवली आणि १८ नोव्हेंबरला ती अमलात आली. शिकागोची घड्याळे तेव्हा सुमारे साडेनऊ मिनिटे मागे गेली. आपल्या मुंबईने मात्र १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही कितीतरी वर्षे स्वतःची वेळ सोडली नाही, हे मी वर्गात सांगत असे.

आता पुलमन. मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या इलेक्ट्रिक गाडीने १११ व्या रस्त्याच्या स्थानकावर उतर. ही वाट मूळची इलिनॉय सेंट्रलचीच आहे. शयनयानांचे डबे बांधणारे जॉर्ज पुलमन यांनी १८८० पासून तिथे कारखान्याबरोबर कामगारांचे गावच वसवले. विटांची नेटकी घरे, बाजार, ग्रंथालय असे सारे होते, पण घरांची मालकी कंपनीची होती. १८९३ च्या मंदीनंतर कंपनीने मजुरी सुमारे पाव हिश्श्याने कापली आणि घरभाडे मात्र तसेच ठेवले. मे १८९४ मध्ये कामगारांनी काम थांबवले. युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे ओढण्यास नकार दिला, देशभर गाड्या अडल्या, आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सैन्य पाठवून संप मोडला. डेब्ज तुरुंगात गेले. पुढे १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ती घरे विकून टाकण्याचा आदेश दिला. रेल्वे क्वार्टरमध्ये संसार केलेल्या मला या घटनेचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही: नोकरी गेली की छप्पर जाते, ही धास्ती माणसाला गप्प बसवते.

तरीही त्या संपातली एक गोष्ट फार बोचते. डेब्ज यांच्या युनियनने कृष्णवर्णीयांना सभासदत्व दिले नव्हते. त्याच पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची अंथरुणे घालणारे, बूट पुसणारे पोर्टर बहुतेक कृष्णवर्णीय होते, आणि प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने न हाकारता सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःची संघटना उभारली आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावांपर्यंत पोचवणारेही हेच पोर्टर होते. ते वाचून कितीएक कुटुंबे इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने शिकागोत आली आणि बाराव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरली. ते स्थानक १९७४ मध्ये पाडले. माझ्या मते ते जपायला हवे होते.

पुलमनमध्ये पोर्टरांचे, रँडॉल्फ यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तिथे घाईने फिरू नकोस. पोर्टरांच्या बायकांनीही स्वतःची संघटना चालवून या लढ्याला हातभार लावला होता. त्यांच्या सभा, वर्गणी, पत्रके यांविषयी तिथे जे वाचायला मिळेल ते उतरवून घे आणि मला सविस्तर लिही. बाबांना कारखान्याच्या इमारतीचे फोटो हवे आहेत, तेही पाठव.

तुझी,
आई

भुसावळ