तिच्या जागी खेळताना

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस, तुमच्या बास्केटबॉल टीमच्या पॉइंट गार्डचा, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणारीचा, घोटा मुरगळलाय, सेंटरच्या, म्हणजे रिंगखाली खेळणारीच्या, गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, आणि आता सगळ्याजणी माझ्याकडे बघतायत. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर घाईघाईत काहीतरी बोलण्यापेक्षा नीट लिहावं म्हटलं, लांबलं तर दोनदा बसून वाच.

आधी हे सांगते की तुला त्या पॉइंट गार्डसारखं खेळायचं नाहीये. कोचनी तुला तिची जागा दिलीये, तिचं सगळं काम एकटीवर टाकलेलं नाही. मेन प्लेयर गेली की लोक म्हणतात आता पॉइंट्स कोण करणार, कारण पॉइंट्स स्कोअरशीटवर दिसतात, पण बॉल वर कोण आणायची, मागून स्क्रीन येतेय, म्हणजे वाट अडवायला कोणी उभी राहतेय, हे कोण ओरडून सांगायची, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची ठरलेली वेळ, संपत आला की बॉल कोणाच्या हातात जायचा, एखादी चिडली की तिला कोण बाजूला घ्यायची, हे सगळं पण तिच्याबरोबर बेंचवर जाऊन बसतं आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून बसा आणि हे एकेक काम कोण घेणार ते बोलून घ्या. मॅचच्या आधी, टाइमआउटमध्ये नाही.

तुला मॅजिक जॉन्सनची ती गोष्ट माहितीच आहे, अमेरिकेतल्या एनबीए लीगची 1980ची फायनल, सहावी मॅच, लेकर्स टीमचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार घोटा दुखावल्यामुळे आलाच नाही आणि 20 वर्षांचा मॅजिक, लीगमधलं पहिलंच वर्ष, सेंटरच्या जागी मॅच सुरू करणाऱ्या जंप बॉलला उभा राहिला आणि 42 पॉइंट्स, 15 रिबाउंड्स (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल), 7 असिस्ट (बास्केट होईल असे पास) करून मॅच काढली. ही गोष्ट सगळे सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं एकाने दुसऱ्याचं ओझं उचललं की झालं. पण त्याच मॅचमध्ये लेकर्सच्याच जमाल विल्क्सने 37 केले होते, त्याचं नाव किती जण घेतात? आणि करीम नाही म्हटल्यावर लेकर्स त्याच्यासाठी थांबून खेळायचे ते थांबणंच बंद झालं, ते पळत सुटले. म्हणजे करीमची नक्कल करायच्या फंदात कोणी पडलंच नाही, टीमने खेळच बदलला. 1970चं पण तसंच आहे बघ, फायनलच्या सातव्या मॅचला न्यूयॉर्कचा विलिस रीड मांडीचा स्नायू फाटलेला असताना लंगडत कोर्टवर आला, त्याचे पहिले दोन बास्केट आजही दाखवतात, पण त्या दिवशी त्याचे एकूण पॉइंट्स चारच आणि त्याच्याच टीमच्या वॉल्ट फ्रेझरचे 36 पॉइंट्स, 19 असिस्ट! रीडच्या येण्याने टीमला जोर आला हे खरंच आहे, पण मॅच फ्रेझरने खेळली.

आता तुमचं बघू. तुमची मॅच 40 मिनिटांची, कोर्टवर पाचजणी, म्हणजे 200 मिनिटं भरायची असतात. त्या दोघी साधारण 30-30 मिनिटं खेळत असतील तर 60 मिनिटं मोकळी झाली. ती सगळी चांगल्या खेळणाऱ्या तिघींवर टाकायचा मोह होतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, कारण दमलेले पाय नीट उतरत नाहीत आणि तिसरी इंज्युरी अशीच होते. त्यापेक्षा बेंचवरच्या दोन-तीनजणींना पाच-सहा मिनिटं जास्त मिळू देत, त्या चुकतील, चुकू देत. कोचना विचार, मधेमधे झोन डिफेन्स, म्हणजे प्रत्येकीने एका मुलीमागे न पळता आपापली जागा सांभाळायची, लावता येईल का, सेंटर नाहीये तर रिंगखाली एकटीला भिडायला लावण्यापेक्षा ते बरं, पळापळ पण कमी होते आणि फाउल पण वाचतात. फक्त झोनमध्ये रिबाउंडला कोणी कोणाला अडवायचं ते ठरलेलं नसतं, शॉट सुटला की पाचहीजणी मागे वळून आधी समोरची मुलगी शोधा, नुसत्या बॉलकडे बघत राहू नका.

आणि समोरची टीम पहिल्याच मिनिटाला फुल कोर्ट प्रेस लावणार, म्हणजे बॉल आत आला की लगेच कोर्टभर अंगावर येणार, हे गृहीत धर, नवी पॉइंट गार्ड म्हटल्यावर मी पण तेच केलं असतं. आठ सेकंदात हाफ पार करायचाय आणि दोघी अंगावर येतायत. तेव्हा कोपऱ्यात बॉल घेऊ नकोस, तिथे साइडलाइन पण त्यांच्याच बाजूने खेळते. ड्रिबल सुरू करायच्या आधी मान वर करून बघ, एकजण कोर्टच्या मधोमध उभी हवी, आणि जिने बॉल आत टाकलाय ती तुझ्या मागे, जरा बाजूला, म्हणजे अडकलीस तर मागे पास द्यायला जागा राहते. दोघी अंगावर आल्या म्हणजे कोणीतरी एकटी सुटलेली असतेच ना. तिला बॉल मिळाला की तू पुन्हा पळ. हा सराव रोज दहा मिनिटं करा, थ्रीचा, म्हणजे लांबून तीन पॉइंट्सच्या शॉटचा, सराव नंतर.

हे सगळं करूनही हराल कदाचित, ते पण सांगते. 22 जून 2025ला एनबीए फायनलची सातवी मॅच होती, ओक्लाहोमाविरुद्ध, इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनने सुरुवातीलाच तीन थ्री मारले आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचं अकिलीस, टाचेमागचं लिगामेंटसारखं जाड टेंडन, तुटलं. बाकीचे खचले नाहीत, हाफटाइमला एका पॉइंटने पुढे होते, बेंचवरचा टी. जे. मॅकॉनल जीव तोडून खेळला, पण बॉल सांभाळणारा मेन माणूस नाही म्हटल्यावर तिसऱ्या क्वार्टरला ओक्लाहोमाने प्रेशर वाढवलं आणि मॅच 103-91 गेली. मला त्या टीमचा अभिमानच वाटला.

हॅलिबर्टनच्या पोटरीला आधीच दुखापत होती, तो तसाच खेळत होता. 2019च्या फायनलला केविन ड्युरंट पण पोटरीच्या दुखण्यातून परत आला आणि त्याच मॅचमध्ये त्याचं अकिलीस गेलं. एकामुळे दुसरं झालं असं मी ठामपणे म्हणत नाही, पण तुमची पॉइंट गार्ड टेप लावून या शनिवारीच उतरते म्हणाली तर तू तिची मैत्रीण म्हणून तिला अडव. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नसतं, एका पायावर उड्या मारता यायला हव्यात, पळता पळता झटकन दिशा बदलता यायला हवी आणि ते न दुखता, आणि फिजिओ हो म्हणायला हवा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता जास्त असते, म्हणून तर हे सांगते. तुम्ही तिच्याशिवाय नीट खेळलात ना, तर तिलाच थांबणं सोपं जाईल, नाहीतर ती तिथे बसून तुम्हाला हरताना बघणार आणि चौथ्या दिवशी बूट बांधणार.

सेंटरचं वेगळं आहे गं. ऑपरेशन झालं तर नऊ महिने तरी, जास्तच धर, तिचा हा सीझन गेला. अशा मुलीला सगळे पहिला आठवडा भेटतात आणि मग विसरतात, तसं होऊ देऊ नका. तिला प्रॅक्टिसला बोलवा आणि खरं काम द्या, समोरची टीम कुठल्या बाजूने खेळते ते तिने बेंचवरून बघायचं आणि हाफटाइमला सांगायचं, तिच्याइतकं रिंगखालचं कोणाला कळतं? आणि बाकीच्यांनी वॉर्मअप टाळायचा नाही, उडीवरून उतरताना गुडघे आत वळू न देता वाकवून उतरायचा सराव आहे ना तो कंटाळवाणा वाटला तरी करायचा, हे लिगामेंट जायचा धोका मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त असतो आणि अशा सरावाने तो कमी होतो.

सीझन वाया गेला असं कोणी म्हणालं तर एनबीएच्याच वॉरियर्स टीमचं सांग. त्यांच्या मेन प्लेयर्सपैकी थॉम्पसनचा गुडघा गेला, करीचा हात मोडला, 2019-20ला 15 मॅच जिंकल्या आणि 50 हरल्या, लीगमध्ये सगळ्यात खाली. पण त्याच वर्षी नवे खेळाडू निवडताना 28व्या नंबरला घेतलेल्या जॉर्डन पूलला कोर्टवर मिनिटं मिळाली, खूप चुकला, आणि 2022ला ते चॅम्पियन झाले तेव्हा तो त्यांच्या मेन स्कोअरर्सपैकी होता. तुमच्याकडे पण बेंचच्या टोकाला बसणारी कोणीतरी असेल जिला अजून कोणी नीट खेळताना बघितलेलंच नाही.

शनिवारी मॅच झाली की फोन कर. स्कोअर नंतर सांग, आधी मला सांग बॉल कोणीकोणी वर आणला.

तुझी,
आई