पुण्यात हिटर कशाला लागतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांचे फोटो बघितले, छान होते, पण फोटोत दिसतो तो पेंट आणि क्रोम, डॅशबोर्डच्या खाली काय राहिलं आणि काय भंगारात गेलं ते कोणालाच दिसत नाही, आणि माझं गाऱ्हाणं नेमकं तिथलंच आहे.

आमच्याकडे वडिलांची मॉरिस मायनर आहे, ९४८ सीसीवाली. हे मॉडेल विलायतेत १९४८ ला आलं, डिझाइन अ‍ॅलेक इसिगोनिसचं, म्हणजे पुढे ज्याने मिनी काढली तोच. आमच्या गाडीत डॅशखाली स्मिथ्स कंपनीचा गोल हिटर होता, पातेल्याएवढा, त्याला छोटी दारं, ती हाताने उघडायची. गेल्या वर्षी गाडी रिस्टोरेशनला टाकली. गॅरेजचं नाव घेत नाही, पत्र्याचं काम त्यांनी खरंच चोख केलंय. पण एक दिवस सहज चक्कर मारली तर डॅश उघडा, हिटर गायब. विचारलं तर पोरगा म्हणतो, काका, पुण्यात हिटर कशाला लागतो, गळत पण होता, भंगारवाल्याला दिला, आत तांबं होतं ना!

काचेवर गरम हवा सोडणाऱ्या दोन डक्ट तेवढ्या कोपऱ्यात पडलेल्या होत्या, त्या उचलून घरी आणल्या. एक उलटी करून झटकली तर उंदराने कुरतडलेला नमदा, सुकलेली पानं, पीएमटीचं एक तिकीट आणि आईची हेअरपिन निघाली. डॅशवर ठेवलेलं सगळं त्या फटीत जायचं आणि आई वडिलांवर चिडायची. असो.

थंडीसाठी हिटर नकोच, मान्य, आपल्याकडे गारठा तो किती, डिसेंबर-जानेवारीतल्या चार सकाळी. पण हिटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो हो. इंजिनचं गरम पाणी त्याच्या जाळीतून फिरतं आणि मागचा पंखा त्यावरून हवा ढकलतो, म्हणजे इंजिनची उष्णता तेवढी बाहेर निघते. मुंबईहून येताना वडील खोपोलीला गाडी थांबवायचे, बोनेट उघडायचे, इंजिनच्या हेडच्या मागच्या बाजूला हिटरच्या पाण्याचा पितळी कॉक होता तो सोडायचे आणि बोरघाट चढेपर्यंत पंखा चालू, तोही मे महिन्यात! आमचे पाय भाजायचे, पण बाजूच्या गाड्यांतले लोक बोनेट उघडून वाफ बघत उभे असायचे आणि आम्ही पुढे. आणि पावसाळ्यात ताम्हिणीत आतून काच धुरकट झाली की फडक्याने किती वेळा पुसणार, तिथे हीच गरम हवा कामाला यायची.

बरं काढलात तर काढलात, पण पाइप जायची फायरवॉलमधली, म्हणजे इंजिन आणि आपल्यामधल्या पत्र्यातली, दोन भोकं तशीच उघडी ठेवली. पहिल्याच राउंडला कर्वे रोडवर गाडीत पेट्रोलचा आणि धुराचा वास, बायको म्हणाली मी उतरते. त्या भोकातून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वासच नसतो, म्हणजे वास आला हे नशीबच म्हणायचं. दोन रबरी बूच लावायला कितीसा वेळ लागतो?

काढायचंच असेल तर नीट काढा एवढंच म्हणणं आहे. इंजिन गार होऊ द्या, पाणी बादलीत काढा, गटारात सोडू नका, कूलंट घातलेलं असेल तर ते गोड लागतं आणि गल्लीतली कुत्री ते पिऊन मरतात. जुना होज, म्हणजे रबरी पाइप, हिटरच्या पितळी नळीवर भाजल्यासारखा चिकटलेला असतो, तो पिळून ओढला की नळीचा डाग (सोल्डरचा जोड) उघडतो आणि चांगला हिटर गळायला लागतो (आमचा असाच गळला असणार असा मला दाट संशय आहे), त्यापेक्षा ब्लेडने उभा चिरा, होज काय, नवा मिळतो. आतलं जुनं पॅडिंग कोरड्या ब्रशने झाडू नका, त्या काळी अ‍ॅस्बेस्टॉस कुठेही वापरायचे, ओलं करून आणि मास्क लावून काढा. नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि आधी मोबाइलवर फोटो. जाळी गळते का ते बघायला पाण्याची बादली आणि सायकलचा पंप पुरतो, बुडवून हवा भरली की बुडबुडे दिसतात.

२०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यात मोठे बदल नकोत. हिटरचं नाव त्यात नाही, त्यामुळे कोणी अडवणार नाही हे मलाही कळतं. पण गाडीच्या मालकाला एक फोन करायला काय हरकत होती.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चकरा मारून झाल्या, नाना पेठेतही विचारून झालं, तसला गोल हिटर काही दिसला नाही. कोणा वाचकाच्या माळ्यावर पडला असेल तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावं, चालू नसला तरी चालेल. डक्ट मी धुऊन ठेवल्यात.

आपला,
एक जुना वाचक, कर्वेनगर, पुणे