धुवांधारच्या काठावरच्या त्या तिघांना

गेल्या आठवड्यात जबलपूरजवळच्या भेडाघाटला धुवांधार धबधबा पाहताना आईचा पाय ओल्या संगमरवरावरून घसरला. नर्मदा तिथे साधारण ३० मीटर खाली कोसळते. तुषारांच्या धुरात मला समोरचं काही दिसेना. ज्या दोघांनी तिला दंडाला धरून वर आणलं, त्यांची नावं विचारायचीच राहिली. वाटेवर संगमरवरी मूर्ती विकणाऱ्या मावशींनी बसायला स्वतःचं स्टूल दिलं, घोट्याला हळद लावली, पैसे घेतले नाहीत. (मी एखादी मूर्तीही घेतली नाही, याची आता लाज वाटते.) २०२१ मध्ये ही जागा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली, म्हणून मीच हट्टाने आईला नेलं होतं. ती मात्र येईल त्याला त्या स्टुलाचंच सांगते. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. नर्मदे हर!