वाडीच्या काकांना, कॉन्टेसाच्या क्रॉसबद्दल

काका, नमस्कार.

नाव लिहायचं नाही, हे तुम्हीच बजावलंत. "नाव टाकशील तं साऱ्या नागपूरचे पोट्टे गाड्या घेऊन येतीन, मंग ट्रकवाल्यांले मी काय सांगू?" म्हणून नुसतं काका. अमरावती रोडवर ज्यांच्या ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, कधी खोलला गेलाय, ते ओळखतीलच.

मे महिन्यातल्या त्या दुपारी मी आणि माझे दोन मित्र टेम्पोत शाफ्ट टाकून तुमच्याकडे आलो, तेव्हा आमचा दुसरा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, तुटलेला होता. पहिला तुटला तेव्हा आम्ही महागाचा आणला. दुसरा त्याहून महागाचा. तिसऱ्यासाठी वर्गणी चालू होती. जुन्या कॉन्टेसात मोठं जपानी इंजिन बसवायचं, मागच्या एक्सलचं हौसिंग बाहेरून मागवायचं, पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची शर्यत पळायची, एवढं सगळं आम्हाला सुचलं होतं. क्रॉस योकमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या दोन कानांच्या चिमट्यात, नक्की कशाच्या आधारावर थांबतो, हा प्रश्न मात्र तिघांपैकी एकालाही पडला नव्हता.

तुम्ही तुटलेला क्रॉस हातातही घेतला नाहीत. थेट योकचे कान पाहिलेत. त्यातलं एक भोक बोटानं चाचपलंत, नवा कप, म्हणजे क्रॉसच्या पिनवर बसणारी सुयांच्या बेअरिंगची वाटी, आणायला सांगितलात आणि तो अंगठ्यानं आत ढकललात. गेला की आत! "हा प्रेसनं जायले पायजे. अंगठ्यानं जाते म्हंजे भोक अंडाकार झालं. आता याच्यात तू सोन्याचा क्रॉस टाक, तो बी तुटनार." आमची वर्गणी तिथल्या तिथे बंद झाली.

मग तुम्हाला कपाच्या कडेचे वेल्डिंगचे ठिपके दिसले. ते आधीच्या एका गॅरेजचं काम. कप बाहेर सरकतात म्हणून त्यांनी योकला टाके मारून दिले होते आणि आम्ही पैसे मोजून, वर चहा पाजून आलो होतो. तुम्ही कप कापून काढलात. आतलं ग्रीस जळून डांबर झालेलं, कपाचं एक अंग निळं पडलेलं, क्रॉसच्या पिनवर सुयांचे वळ उमटलेले. कप आणि पिन पाणी चढवून कडक केलेल्या असतात, टाक्याची आच लागली की तो कडकपणा उतरतो, हे तुम्ही सांगितलंत. नंतर जे बोललात ते इथे लिहिता येणार नाही.

खरं सांगतो, मला तेव्हा थोडा राग आला होता. मी मेकॅनिकल शिकलोय. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे हाच क्रॉस आणि योकचा सांधा, तिरका चालला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो, त्याचं समीकरण मी परीक्षेत लिहून आलोय. पण पहिल्या गिअरमधून टॉर्क दोन-तीन पट होऊन शाफ्टवर येतो आणि चिकट टायर घसरत नाहीत म्हणून तो सगळा मार जॉइंटला खावा लागतो, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. "ट्रकवर वजन हळूहळू येते राजा, तुह्या गाडीवर घण बसून राहिला."

नवे योक आले तेव्हा लॉक बसवायला तुम्ही अख्खी सकाळ लावलीत. लॉक म्हणजे ती चिमूटभर सर्क्लिप. आम्ही ती खटकन बसली की झालं, असं समजत होतो. तुम्ही आधी खाच तारेच्या ब्रशनं साफ केलीत, कडेची बारीक फास कानशीनं काढलीत, आणि लॉक बसल्यावर पेचकसानं गोल फिरवून पाहिलंत. पूर्ण खोल बसलेलं लॉक खाचेत फिरतं, अर्धवट बसलेलं अडतं. तेच पुढे उडतं. समोरासमोरच्या लॉकची जाडी जुळवून क्रॉस मधोमध आणलात. मग योकच्या कानांवर तांब्याच्या हातोडीनं दोन-दोन ठोके, कप बाहेर सरकून लॉकला टेकावेत म्हणून. ठोक्यांआधी क्रॉस अडखळत फिरत होता. नंतर एका बोटानं फिरला आणि ढिलाही नव्हता. तो फरक मला हाताला कळला. पुस्तकातून कळला नसता.

ग्रीस निप्पलवरून, म्हणजे क्रॉसमध्ये ग्रीस भरायच्या तोंडावरून, आपला वाद झाला, आठवतं? तुमचं म्हणणं, निप्पल नाही तो क्रॉस कसला. माझं म्हणणं, भोक पाडलं की क्रॉस तेवढा कमजोर होतो. तुम्ही बराच वेळ सुपारी चघळत बसलात आणि म्हणालात, "ट्रकले पायजेच. तुही गाडी एवढुशी पळते, घे बिनभोकाचा." आख्ख्या कामात मी जिंकलेला हा एकच मुद्दा, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मागच्या टोकाला, डिफरेन्शियलच्या योकवर, कप नुसत्या दोन पातळ पट्ट्यांनी धरलेले होते. त्या पट्ट्या ताणल्या जातात, एकदा काढल्या की परत वापरायच्या नसतात. आम्ही तीनदा वापरल्या होत्या. यू बोल्ट टाकूया म्हटलं, तर तुम्ही म्हणालात की तो जास्त आवळला की कप दबतो आणि सुया जाम होतात. शेवटी हिंगण्याच्या एमआयडीसीत तुमच्या ओळखीच्या लेथवर पोलादाच्या ठोकळ्यातून जाड टोप्या बनवून घेतल्यात. आधी योकवर बोल्टनं आवळून मगच भोक फिरवायचं, म्हणजे गोलाई जुळते, हे लेथवाल्याला दोनदा बजावलंत. मी आणलेल्या टॉर्क पान्याला हसलात खरे, पण बोल्ट त्यानंच आवळलेत.

आणि ती बांगडी, म्हणजे शाफ्टभोवतीचं सुरक्षेचं कडं. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं तोंड खाली पडून जमिनीत रुतू शकतं आणि गाडी त्यावर उचलली जाऊ शकते. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेच्या नियमात हे कडं पुढच्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत आणि पट्टीचं असेल तर किमान पाव इंच जाड, २ इंच रुंद लागतं. मी ६ एमएमची पट्टी आणली. तुम्ही कॅलिपर लावलात. पाव इंच म्हणजे ६.३५. पट्टी परत. तुम्ही ८ एमएम जाड, ६५ रुंद पट्टी वाकवून दिलीत आणि तिचं वेल्डिंग स्वतः केलंत. टाके तिथे मारायचे असतात, हा टोमणा फुकट.

निघताना शाफ्टवर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पांढऱ्या पेंटची सरळ रेघ ओढलीत. शाफ्टला पीळ बसला तर रेघ सांगेल. बोल्टच्या डोक्यांवरही खुणा केल्यात. शिवाय दम भरलात, "समृद्धीवर ट्रायल मारशील तं माह्या दारात पाय ठेवू नको." नाही मारली, काका. समृद्धीवरून गाडी गेली ती ट्रेलरवर बसून.

गेल्या महिन्यात धावपट्टीवर सहा रन मारले. प्रत्येक रननंतर गाडीखाली शिरून खुणा पाहिल्या. चौथ्यानंतर एक बोल्ट केसभर सरकलेला दिसला, पुन्हा आवळला. क्रॉस तोच. वेळ काही फार भारी नाही लागली, तो दोष गिअर बदलणाऱ्याचा, म्हणजे माझा.

तुम्ही लेथचे आणि पट्टीचे तेवढे पैसे घेतलेत. मजुरी विचारली तर "पहिले जिंकून ये" म्हणालात. जिंकलो नाही, तेव्हा ती बाकी आहेच. संत्रा बर्फी तुम्हाला आवडत नाही हे तुमच्याकडच्या पोरानं सांगितलं, म्हणून रविवारी तर्री पोहे घेऊन येतो. गाडीही आणतो, ट्रेलरवरच. खाली वाकून बघा, पांढरी रेघ अजून सरळ आहे.

तुमचा,
कॉन्टेसावाला पोट्टा