डेटा सेंटरला जमीन देण्याआधी मे महिन्याचे पाणी विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरमध्ये डेटा सेंटरचा, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सर्व्हर संगणकांच्या केंद्राचा, विषय निघाला की गुंतवणुकीचे कोटी आणि रोजगार एवढ्यावरच बोलणे संपते. विजेचा भार किती मेगावॅट, भर मे महिन्यात रोज पाणी किती लागणार आणि ते कुठून आणणार, हे कोणी विचारत नाही. या कामांत असलेल्या आम्हा मंडळींना ही गोष्ट फार खटकते.

साधा हिशेब मांडू. २० मेगावॅटचे सर्व्हर असलेले केंद्र आजच्या मानाने फार मोठे नाही. सर्व्हर जेवढी वीज घेतो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. कूलिंग टॉवर (पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकणारा मनोरा) वापरून ती घालवायची तर विजेच्या एका युनिटमागे साधारण दीड लिटर पाण्याची वाफ होते, म्हणजे रोज ७ लाख लिटरच्या वर. वाफ उडते पण क्षार टॉवरमध्येच राहतात आणि कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता टॉवरच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, नळ्यांत खपली धरते. म्हणून थोडे पाणी सतत सोडून द्यावे लागते, त्याला ब्लोडाउन म्हणतात. मूळ पाण्यातले क्षार चौपट होईपर्यंत फिरवता आले, तर ब्लोडाउन आणखी अडीच लाख लिटर. माळव्यातल्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी जड असते, त्यात सिलिकाही असतो. त्यामुळे अडीचपटीवरच थांबावे लागले, तर ब्लोडाउन दुप्पट होते. चांगले पाणी धरले तरी दिवसाला साडेनऊ लाख लिटर झाले. माणशी १३५ लिटर या सरकारी निकषाने हे सात हजार माणसांचे पाणी आहे, आणि यात चिलरच्या (थंडावा तयार करणाऱ्या यंत्राच्या) स्वतःच्या उष्णतेचा हिशेब धरलेलाच नाही.

आपले पाणी नर्मदेवरच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून येते. त्या पंपांच्या वीजबिलाचा भार इतका, की नगर निगमने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. हे पाणी सर्व्हर थंड करायला उडवणे आम्हाला मान्य नाही.

पाण्याशिवायही काम होते. एअर-कूल्ड चिलर लावले की टॉवर लागत नाही, पण ४२ अंशांत कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि विजेचा वापर वाढतो, तोही नेमका शहरातले पंखे-कूलर पूर्ण जोरात असताना. सर्व्हरच्या तोंडाशी २७ अंशांपर्यंतची हवा चालते, तरी पुष्कळ जण सवयीने २० ठेवतात. तापमान वर नेले, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी माळव्याच्या थंड रात्री चिलर बराच काळ बंद ठेवता येतात. ही अट घालायला पैसा लागत नाही.

टॉवरच हवा असेल तर कबीटखेडीसारख्या एसटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे) पाणी घ्यावे. ते आहे तसे मात्र चालत नाही. फॉस्फेटची खपली बसते, अमोनिया तांब्याच्या नळ्यांना तडे पाडतो, क्लोराइड स्टेनलेस स्टील खातो आणि उरलेल्या सेंद्रिय अंशावर बुळबुळीत जिवाणूंचा थर वाढतो. म्हणून गाळण, अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म गाळण) आणि निर्जंतुकीकरणाचा वेगळा प्लांट, स्वतंत्र पाइपलाइन आणि निदान दोन दिवसांचा, म्हणजे वीस लाख लिटरचा साठा लागतो. हा साठा नसला की एसटीपी बिघडल्याच्या पहिल्याच दिवशी टँकर मागवले जातात, आणि टँकर बोअरवर भरतात.

डिझेलकडेही बघायला हवे. २० मेगावॅटचे सर्व्हर, वर थंडावा आणि यूपीएसचा (वीज जाताच बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणाऱ्या यंत्रणेचा) तोटा, मिळून ३० मेगावॅट. त्यासाठी वीज गेल्यावर चालवायला दोन-दोन मेगावॅटचे १५ डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि वर राखीव. सगळे चालले तर तासाला साडेसात हजार लिटर डिझेल. २४ तासांचा साठा म्हणजे १ लाख ८० हजार लिटर. वीज गेली नाही तरी चाचणीसाठी सेट ठराविक काळाने चालवावेच लागतात. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि गच्चीवरच्या चिलरचे पंखे तर रात्रभर फिरत असतात. यूपीएसची बॅटरीखोली वेगळी, आगरोधक भिंतीआड हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथे लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या.

डेटा सेंटर नकोच, असे आम्ही म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पैशाच्या व्यवहारांची माहिती देशातच साठवायला सांगितले. ती कुठेतरी ठेवावीच लागणार. मुंबईला काही झाले तर दुसरी प्रत दूर असावी, यासाठी इंदूर चांगले आहे. फायबरमधून मुंबईहून इथवर यायला सिग्नलला काही मिलिसेकंद पुरतात. पण हजारो नोकऱ्यांची आशा कोणी दाखवू नये. बांधकाम संपले की पाळ्यांवर मोजकी माणसे उरतात: विद्युत, एसी, नेटवर्क, सुरक्षा. आपल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना त्यातल्या पहिल्या दोन कामांसाठी तयार करता येईल, आणि तेवढे तरी करारात लिहून घ्यावे.

खरी अडचण मंजुरीच्या पद्धतीत आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत अशा इमारतीला मंजुरी लागते ती २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे, म्हणजे क्षेत्रफळ पाहून. सर्व्हर मात्र दाटीने बसतात. १९ हजार चौरस मीटरच्या इमारतीतही २० मेगावॅट सहज मावतात आणि ती या चाळणीतून निसटते.

म्हणून सुपर कॉरिडॉर असो की पीथमपूर, जमिनीच्या कागदावर सही होण्याआधी कमाल भार, मे महिन्यातले रोजचे पाणी व त्याचा स्रोत, थंड करण्याची पद्धत, ब्लोडाउन कुठे सोडणार, डिझेलचा साठा आणि कुंपणापाशी रात्रीचा आवाज हे सगळे जमीन देणाऱ्या संस्थेने जाहीर करावे. पाण्याचे मीटर टॉवरच्या भरणीवर वेगळे बसवून त्याचे आकडे दरमहा तिच्या संकेतस्थळावर टाकावेत. पिण्याच्या लाइनला जोडणी सापडली तर ती त्याच दिवशी तोडण्याचा अधिकार करारातच असावा.

आपले,
विद्युत, वातानुकूलन व जलशुद्धीकरण क्षेत्रातील काही मराठी अभियंते,
रामबाग, इंदूर