ग्राफिक्स कार्डाआधी मॉनिटर विचारणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

फोनवर मी आभार मानायला लागलो तर "ते राहू दे, आधी बायोसमध्ये एक्सएमपी चालू कर" म्हणून तू फोन ठेवलास. (बायोस म्हणजे मशीनची मूळ सेटिंग्ज, एक्सएमपी म्हणजे त्यातली रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय.) म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. पन्नास-पंचावन्न हजारांत गेमिंग पीसी जुळवायला निघालेल्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं, तर श्रेय कुणाचं हेही कळू दे.

मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचा पहिला प्रश्न एकच: "बजेट किती?" तू विचारलंस, "मॉनिटर कोणता? आणि खेळणार काय?" मॉनिटर २४ इंची, १०८०पी, १०० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १०० चित्रं दाखवणारा. रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम, सुट्टीत एखादा मोठा, गोष्टीवाला गेम. मग तू सांगितलंस, की व्हॅलोरंटचा भार प्रोसेसरवर जास्त, मोठ्या गेमचा ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागावर. या मॉनिटरला आठ जीबी मेमरीचं मध्यम कार्ड पुरे, त्याहून महाग कार्डावर ओतलेले पैसे या पडद्यावर दिसायचेच नाहीत. यादी तू त्यानंतर पाठवलीस. आयत्या याद्या मला आधीही मिळाल्या होत्या, पण त्यातली एक वस्तू दुकानात नसली की पुढे काय करायचं ते कळत नसे. तू प्रत्येक वस्तूपुढे कारण लिहिलंस, त्यामुळे दुकानात बोलायला माझ्याकडे काहीतरी होतं.

ऑफिसातले एक जण "जुनं आय-सेव्हनचं मशीन घे, त्यात कार्ड टाक" म्हणून मागे लागले होते. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, त्या जुन्या मशीनमध्ये असतीलच असं नाही, आणि अशा जुन्या ऑफिस-पीसींत कार्डाला वीज द्यायची वेगळी पिन बहुतेक वेळा नसतेच, हे तू सांगितल्यावर तो विषय मिटला. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६०० ठरला. सहा कोअर, पंखा डब्यातच. बी४५० मदरबोर्ड घेताना खोक्यावर रायझन ५००० चा स्टिकर बघून घे, नाहीतर जुन्या बायोसवर मशीन सुरूच व्हायचं नाही, ही सूचना छोटी होती, पण दुकानात पहिलं खोकं समोर आलं ते बिनस्टिकरचंच.

कार्डाच्या बाबतीत तर तू डोळेच उघडलेस. एनव्हिडियाची आरटीएक्स ३०५० म्हणून दोन वेगळी कार्डं विकली जातात. एक ८ जीबीचं, दुसरं ६ जीबीचं. दुसऱ्यात फक्त मेमरी कमी नाही, कोअरही कमी आणि मेमरीचा रस्ताही अरुंद, १२८ बिटऐवजी ९६. दुकानदार दोन्हींना नुसतं "३०५०" म्हणतो. तरी तू त्या लहान कार्डाला नावं ठेवली नाहीस: ते ७० वॉटमध्ये, वेगळ्या केबलशिवाय चालतं, जुनं मशीन असलेल्याला तेच बरं. मला मात्र तू एएमडीच्या आरएक्स ६६०० या कार्डावर आणलंस, आणि "रे ट्रेसिंग विसर", म्हणजे खऱ्यासारखे प्रकाश-सावल्या दाखवायची सोय विसर, हेही स्पष्ट सांगितलंस. विसरलो. काही बिघडलं नाही.

पण खरे उपकार एसएमपीएसचे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात कॅबिनेटबरोबर "५०० वॉटचा एसएमपीएस फ्री" देत होते. तू सांगितल्याप्रमाणे मी मोठा आकडा सोडून स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ शोधली, कारण कार्ड आणि प्रोसेसरला वीज तिथूनच मिळते. तिथे १८ अँपिअर. गुणाकार केला, २१६ वॉट. कार्ड १३२ पर्यंत घेणार, प्रोसेसर ७६ पर्यंत, झाले २०८. उरलेल्या आठ वॉटमध्ये बोर्ड आणि पंखे! मी हा हिशेब काउंटरवरच मोबाइलमध्ये मांडला, तेव्हा तो मुलगा हसला आणि आतून ५५० वॉटचा, ब्राँझ रेटिंगचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा) डबा घेऊन आला. त्याला आधीपासून ठाऊक होतं, एवढंच.

बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त पडेल, असंही सुचवून झालं. १८ टक्के जीएसटी वाचतोय म्हटल्यावर हात शिवशिवतो, खोटं कशाला बोलू. पण पुढे वॉरंटी मागताना बिल आणि त्यावरचा सीरियल नंबरच कामी येतो हे तुझं वाक्य ऐनवेळी आठवलं. रॅमचंही तसंच. "१६ ची एकच पट्टी घ्या, पुढे वाढवता येईल" असा आग्रह झाला, मी ८ च्या दोन घेतल्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात.

एका गोष्टीत तुझं ऐकलं नाही. पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घेतलं, पण रंगीत दिव्यांच्या पंख्यांसकट. त्यांनी गेमच्या फ्रेम वाढत नाहीत, मान्य. आईला ते दिवाळीचं तोरण वाटतं, मला आवडतात.

आणि हो, एक्सएमपी चालू केलं. रॅम आता ३२०० वर धावते.

आता एक काम. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मुलीसाठी पीसी हवाय, बजेट पस्तीस हजार, कॉलेजचं काम आणि जमेल तेवढे गेम. मी ५६००जी सुचवलाय, त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं: सध्या कार्ड नको, पैसे साठले की पुढे टाकता येईल. त्याची एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी असते, त्यामुळे नंतर कार्ड टाकलं तरी तो ५६०० ची बरोबरी करणार नाही, हेही सांगितलंय. मॉनिटर कोणता ते विचारलं, तर घरातला टीव्हीच वापरणार म्हणतात. यात माझं काही चुकत असेल तर शुक्रवारच्या आत कळव, शनिवारी त्या खरेदीला निघणार आहेत.

तुझ्या भावाचा मित्र